नर्तकीची नोंद कोणत्या वहीत?

हॉलिवूडच्या चित्रपट अकादमीने अलीकडे आपल्या पारितोषिकांच्या यादीत दोन नव्या कलमांची भर घातली आहे. पात्रनिवड करणाऱ्यांसाठी २०२५ सालच्या चित्रपटांपासून एक पारितोषिक सुरू झाले, आणि पडद्यावरच्या उड्या, आगी, पडझडी व मारामाऱ्या यांची आखणी करणाऱ्या साहसदिग्दर्शकांसाठी दुसरे पारितोषिक २०२८ साली होणाऱ्या शंभराव्या समारंभापासून द्यावयाचे ठरले. दोन्ही निर्णय न्याय्य आहेत, आणि ज्या मंडळींनी त्यांसाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला त्यांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. परंतु बोलपट नुकता कोठे बोलू लागला असताना ज्या कलेने जगभरचा प्रेक्षक चित्रगृहाकडे खेचून आणला, मंदीच्या कठीण वर्षांत जिने चित्रसंस्थांचे हिशेब जुळवून दिले, आणि जिच्यावाचून हॉलिवूडचा संगीतपट ही वस्तूच संभवली नसती, त्या नृत्यकलेला या यादीत आजही जागा नाही, ही गोष्ट मला उघड अन्यायाची वाटते. आणि तो अन्याय एका नर्तकीच्या कारकिर्दीच्या आधारे वाचकांपुढे मांडावा एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

अकादमीने नृत्याची दखल कधी घेतलीच नाही असे मात्र नाही. १९३५, १९३६ आणि १९३७ या तीन सालांच्या चित्रपटांकरिता नृत्यदिग्दर्शनाचे स्वतंत्र पारितोषिक दिले गेले. पहिले डेव्ह गूल्ड याला, दुसरे सेमूर फेलिक्स याला आणि तिसरे हर्मिस पॅन याला. शेकडो नर्तकींच्या हातापायांची कमळे उमलवून ती छतावरून टिपणारा बस्बी बर्कली तिन्ही वर्षी नामांकित झाला आणि तिन्ही वर्षी रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर ते कलम यादीतून वगळण्यात आले ते आजतागायत. ज्याला शेवटचे पारितोषिक मिळाले त्या हर्मिस पॅनचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे बावीस वर्षांनी आपल्या कथानायिकेला हॉलिवूडमध्ये आणण्याचे काम त्याच्याच हातून झाले.

पॅनला ते पारितोषिक मिळाले 'ए डॅम्झेल इन डिस्ट्रेस' या चित्रपटातील जत्रेच्या प्रसंगासाठी. फ्रेड अ‍ॅस्टेअर, जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अ‍ॅलन ही त्रयी तेथे सरकत्या पट्ट्यांवरून, फिरत्या चकत्यांवरून आणि रूपे वेडीवाकडी दाखविणाऱ्या आरशांसमोरून नाचत जाते, आणि जमीन पायांखालून सरकत असताना ताल मात्र यत्किंचितही सरकत नाही. पण पॅनच्या श्रमांचा मोठा भाग पडद्यावर कधी आलाच नाही. अ‍ॅस्टेअर आणि तो आठवडेच्या आठवडे तालमीच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन नृत्य रचीत. त्या रचनेत अ‍ॅस्टेअरची सहनर्तकी जिंजर रॉजर्स हिची बाजू पॅन स्वतः नाचून बसवी, आणि ती दुसऱ्या कामातून मोकळी झाली म्हणजे तयार झालेली तिची बाजू तिला शिकवी. चित्रण आधी मुद्रित केलेल्या संगीतावर होत असे. जोड्यांच्या तळाशी बसविलेल्या धातूच्या पत्र्यांचा आवाज त्या वेळी टिपला जात नसे, तो मागाहून भरावा लागे. समोरच्या पडद्यावर मुका नाच चाललेला, कानांवर संगीत, पायांखाली लाकडी फळी, आणि पडद्यावरच्या पावलांशी आपली पावले तंतोतंत जुळवीत नर्तकाने तोच नाच पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचायचा, असा तो परिपाठ होता. अ‍ॅस्टेअर आपल्या पावलांचा आवाज स्वतः देई. रॉजर्सच्या पावलांचा आवाज पुष्कळदा पॅनच्या पायांचा असे. त्या चित्रपटांच्या श्रेयनामावल्यांत या गोष्टीचा उल्लेख शोधून सापडावयाचा नाही. नृत्यातील श्रम किती सहजपणे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही. आणि हा तर त्या माणसाचा दाखला, ज्याला पारितोषिक मिळाले होते.

आता त्या नर्तकीकडे वळतो. ज्यूलिएट प्राऊज हिचा जन्म २५ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत झाला. वडील इंग्रज, आई दक्षिण आफ्रिकेची. ती अगदी लहान असताना वडील वारले आणि आई तिला घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघून गेली. त्यामुळे मुंबईचा तिच्या कलेवर काही संस्कार झाला असे म्हणणे म्हणजे ओढूनताणून नाते जोडणे होईल. जे शहर पुढे चित्रपटनृत्याची जगातील एक मोठी पेठ बनले त्या शहरात तिचा जन्म झाला, हा योगायोग मात्र मुंबईकराने अगत्याने ध्यानात ठेवावा असा आहे. चौथ्या वर्षापासून ती नृत्य शिकू लागली. शास्त्रोक्त बॅलेचे शिक्षण झाले, पण मुलगी वाढत वाढत साडेपाच फुटांच्या पलीकडे गेली, आणि तेथेच तिची वाट अडली. बॅलेची नर्तकी चवड्याच्या टोकावर उभी राहते तेव्हा तिची उंची आणखी काही अंगुळे वाढते. तिला तोलणारा, फिरविणारा आणि उचलणारा सहनर्तक तिच्याहून उंच असावा लागतो. शिवाय समूहातील सर्व मस्तके एका रेषेत दिसावी लागतात. अशा शिस्तीत उंच मुलीला स्थान नसते, मग तिचे पाय कितीही तयारीचे असोत. जो देहधर्म तिच्या हाती नव्हता त्याच्यामुळे एका कलेचा दरवाजा बंद झाला, आणि बालपणापासून घेतलेली मेहनत बरोबर घेऊन ती संगीतिकांच्या आणि रात्रीच्या रंगगृहांच्या दुनियेकडे वळली.

लंडनला ती 'किस्मत' या संगीतिकेत नाचली. त्या संगीतिकेची मूळ नृत्यरचना जॅक कोल याची, आणि या गृहस्थाविषयी भारतीय वाचकाला चार शब्द सांगितलेच पाहिजेत. त्याने भरतनाट्यमचा अभ्यास केला होता. पायांचे अर्धमंडल, मान आणि डोळे यांच्या तुटक, रेखीव हालचाली, बोटांच्या मुद्रा हे सारे त्याने अमेरिकन जॅझच्या तालावर बसविले, आणि आज जगभर ज्याला जॅझ नृत्य म्हणून शिकविले जाते त्याच्या घडणीत त्या प्रयोगाचा फार मोठा वाटा आहे. ग्वेन व्हर्डन आणि कॅरल हेनी या थोर नर्तकी त्याच्याच हाताखाली तयार झाल्या. मुंबईत जन्मलेल्या मुलीने भारताकडून लंडनपर्यंत असा वळसा घेऊन आलेल्या नृत्यशैलीत आपली उमेदवारी करावी, हे मला तिच्या चरित्रातील अत्यंत अर्थपूर्ण प्रकरण वाटते, आणि तिच्यावरील लेखांत त्याला एखादे वाक्यही क्वचितच मिळते.

युरोपातील रंगगृहांत नाचत असता ती हर्मिस पॅनच्या नजरेस पडली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ही चित्रसंस्था तेव्हा 'कॅन-कॅन' हा संगीतपट काढीत होती. कोल पोर्टरचे संगीत, फ्रँक सिनात्रा, शर्ली मॅक्लेन आणि मॉरिस शेव्हालिए यांच्या भूमिका, आणि सत्तर मिलिमीटरच्या रुंद फितीवरचे भव्य चित्रण असा सगळा सरंजाम होता. पॅनने तिला क्लोदीनची भूमिका दिली, आणि आदम व हव्वा यांच्या नृत्यनाट्यात तिला ईडनच्या उद्यानातील सर्प केले. रुंद पडद्याचा एक गुण असा, की तो आखूड अंगाच्या नर्तकाला गिळून टाकतो आणि लांब हातापायांच्या नर्तकाला मोकळे मैदान देतो. जी उंची बॅलेत दोष ठरली होती ती येथे शोभा झाली. बाहू खांद्यापासून बोटापर्यंत उलगडत जाण्यास, पाठीच्या कण्यातून लाट उठून मानेपर्यंत पोहोचण्यास जो अवकाश लागतो तो तिच्या देहात होता, आणि पॅनने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. वस्तुतः तिची कीर्ती या सर्पनृत्यावर उभी राहावयास हवी होती.

ती उभी राहिली भलत्याच प्रसंगावर. १९ सप्टेंबर १९५९ रोजी सोव्हिएत रशियाचे पंतप्रधान निकिता क्रुश्चेव्ह अमेरिकेच्या दौऱ्यात त्या चित्रशाळेत आले. डिस्नेलँड पाहण्याची त्यांची इच्छा सुरक्षिततेच्या कारणास्तव नाकारण्यात आली होती, आणि सरकारी पाहुण्याचे मन रिझविण्यासाठी 'कॅन-कॅन'चे नृत्य त्यांच्यापुढे सादर करण्यात आले. नंतर त्यांनी ते नृत्य अश्लील व अनैतिक असल्याचा अभिप्राय वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींपाशी व्यक्त केला, आणि त्या बातमीबरोबर त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका उंच, अनोळखी नर्तकीचे छायाचित्र जगभर छापून आले. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच ज्यूलिएट प्राऊज प्रसिद्ध झाली. तिने काय नाचले आणि कसे नाचले याविषयी त्या बातम्यांत काही नव्हते. एका राज्यकर्त्याला ते आवडले नाही एवढेच होते.

हाच क्रम पुढे चालू राहिला. १९६० साली 'जी. आय. ब्लूज' मध्ये ती एल्व्हिस प्रेस्लीची नायिका झाली आणि रंगगृहातील नर्तकीच्या भूमिकेत तिने जी नृत्ये केली ती त्या चित्रपटातील सर्वांत कसदार मिनिटे आहेत असे माझे मत आहे. परंतु इतिहासात ती प्रेस्लीची नायिका म्हणून राहिली. १९६२ च्या जानेवारीत सिनात्राबरोबर तिचा वाङ्‌निश्चय जाहीर झाला आणि काही आठवड्यांतच मोडला, कारण विवाहानंतर काम सोडून देण्यास ती तयार नव्हती. पंचविशीतल्या त्या मुलीने त्या काळच्या सर्वांत सामर्थ्यवान गायकाला आपल्या कामासाठी नकार दिला! नर्तकीचे आयुष्य किती अल्प असते, तिचे गुडघे आणि घोटे तिला किती वर्षांची मुदत देतात, हे जिला पक्के ठाऊक होते तिचा तो निर्णय होता. त्यात तिची कलेवरील निष्ठा झळाळून दिसते. पण वृत्तपत्रांनी त्याची नोंद सिनात्राच्या खात्यावर केली. पुढे १९८७ साली दूरचित्रवाणीच्या एका सर्कशीच्या कार्यक्रमाच्या तालमीत बिबट्याने तिच्यावर हल्ला केला, आणि तिच्या कित्येक वर्षांच्या नृत्याहून ती बातमी अधिक ठिकाणी छापून आली. आजही तिच्यासंबंधीचा कोणताही संक्षिप्त मजकूर उघडून पाहावा: क्रुश्चेव्ह, प्रेस्ली, सिनात्रा आणि बिबट्या, या चौघांच्या आडोशाने ती वावरते. ज्या कलेची स्वतंत्र वही नाही तिच्या माणसांची नोंद अशी इतरांच्या वह्यांत करावी लागते.

कोणी म्हणेल, की नशीब तिला आडवे आले, त्याला अकादमी काय करणार? नशिबाचा भाग होता हे खरे. ती पोहोचली तेव्हा हॉलिवूडच्या संगीतपटाची घडी विसकटू लागली होती. चित्रनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांनी चित्रगृहांची मालकीही आपल्याकडे ठेवू नये, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, आणि निर्माण केलेला प्रत्येक चित्रपट आपल्याच चित्रगृहात हमखास लागेल ही शाश्वती संपली. संगीतपट ही मुळात कायमच्या नोकरदारांच्या फौजेवर चालणारी वस्तू होती; वाद्यवृंद, स्वरलेखक, शिंपी, तालमीच्या खोल्या, नृत्यशिक्षक आणि सालाच्या करारावर बांधलेला नर्तकसमूह हे सर्व बारमाही पगारावर असेल तरच वर्षाला अनेक संगीतपट निघू शकत. दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसविला, तशी ही फौज खर्चाची बाब ठरली आणि एकेक खाते बंद होत गेले. १९६१ साली प्राऊजचे 'द फियर्सेस्ट हार्ट', 'द राइट अ‍ॅप्रोच' आणि 'द सेकंड टाइम अराउंड' असे तीन चित्रपट आले, आणि तिच्या पायांतल्या विद्येला साजेसे काम त्या तिघांत मिळून जवळजवळ नव्हते. नर्तकीला नाचू न देता नायिका करणे हा तिचा सन्मान आहे अशी एक समजूत चित्रसृष्टीत फार जुनी आहे. मला ती मुळातच अपमानकारक वाटते.

नर्तकांची कदर त्या दशकात कोणी केली असेल तर ती ज्या माध्यमाला संगीतपटाचा मारेकरी म्हणून दूषण दिले जाते त्या दूरचित्रवाणीने. १७ ऑक्टोबर १९५८ रोजी एन.बी.सी. या संस्थेने फ्रेड अ‍ॅस्टेअरचा एक तासाचा रंगीत कार्यक्रम प्रसारित केला. त्यात त्याची सहनर्तकी होती बॅरी चेस, जी तोपर्यंत हॉलिवूडच्या संगीतपटांत समूहात नाचत आली होती आणि जिचे नाव सामान्य प्रेक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या कार्यक्रमाला नऊ एमी पारितोषिके मिळाली, आणि त्यांतील एक नृत्यरचनेसाठी हर्मिस पॅनला मिळाले. चित्रपट अकादमीने जे कलम एकवीस वर्षांपूर्वी मिटविले होते ते दूरचित्रवाणीच्या अकादमीने आपल्या यादीत राखले, आणि आजही राखले आहे. दूरचित्रवाणीचे नृत्य सोपे नव्हते. चित्रशाळेत एक नृत्य बसविण्यास आठवडे मिळत. येथे आठवड्याला नवा कार्यक्रम उभा करावा लागे, अनेक कॅमेरे एकाच वेळी चालत, आणि अमुक एक गिरकी चुकली म्हणून तेवढाच तुकडा पुन्हा घेण्याची मुभा फारशी नसे. शरीर पूर्ण दिसेल असे चित्रण, कमीत कमी तोडजोड, आणि नर्तकाच्या श्वासावर चालणारा काळ, हा अ‍ॅस्टेअरने चित्रपटात आयुष्यभर जोपासलेला आग्रह या छोट्या पडद्याने परिस्थितीच्या रेट्याने का होईना, पाळला.

प्राऊज या माध्यमात मनापासून रमली. १९६५-६६ मध्ये एन.बी.सी.वर 'मोना मॅक्लस्की' ही तिची मालिका सव्वीस भागांपर्यंत चालली. चित्रपटतारका असलेली पत्नी आणि वायुदलातील साधा सार्जंट असलेला पती यांनी केवळ पतीच्या पगारात संसार चालवायचा, असा तिचा विषय होता, आणि तिच्या निर्मितीमागे होता जॉर्ज बर्न्स, तोच बर्न्स ज्याच्या पावलांनी पॅनला १९३७ चे पारितोषिक मिळवून दिले होते. मालिका सामान्य होती आणि तिच्यावर अधिक शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही. विविधरंजनाच्या कार्यक्रमांतून मात्र ती वरचेवर नाचत राहिली, आणि मोज्यांच्या जाहिरातींतून तिचे पाय अमेरिकेच्या घराघरांत ओळखीचे झाले.

या सगळ्यांत एक नृत्य असे आहे, की ज्याला तिची योग्यता पारखून घ्यावयाची आहे त्याने ते अवश्य पाहावे. १९७६ साली सुरू झालेल्या 'द मपेट शो' या बाहुल्यांच्या कार्यक्रमाचा जो भाग सर्वप्रथम तयार झाला त्याची पाहुणी ज्यूलिएट प्राऊज होती. स्कॉट जॉपलिनच्या एका विलंबित, उदास रचनेवर ती तेथे हरिणांच्या रूपातील बाहुल्यांबरोबर नाचते. या नृत्यातील अडचण नीट समजून घेतली पाहिजे. माणूस सहनर्तक असला म्हणजे तो तुमचे वजन घेतो, तुमच्या मनगटावरच्या त्याच्या दाबावरून पुढची दिशा कळते, त्याचा श्वास तुम्हाला ऐकू येतो. बाहुलीला वजन नाही, दाब नाही, श्वास नाही. तिला चालविणारा कलावंत कोठे तरी दृष्टीआड दडलेला, आणि त्याला जागा पुरावी म्हणून नर्तकीचे पाऊल ठरल्या रेषेबाहेर जाऊन चालत नाही. झुकण्याचा, आधार घेण्याचा, सोडून देण्याचा सारा भाव नर्तकीने एकटीने, स्वतःच्या तोलातून निर्माण करावयाचा. चाळिशीच्या उंबरठ्यावरची प्राऊज तो असा काही निर्माण करते, की त्या कापडी हरिणांना हाडेमांस आहेत असा भास होतो. हे कसब चवथ्या वर्षापासून घेतलेल्या शिक्षणाचे होते, आणि बालकांच्या करमणुकीच्या म्हणून गणलेल्या कार्यक्रमात ते कोणाच्या मोजणीत आले नाही.

तिच्या कारकिर्दीचे शिखर मात्र रंगभूमीवर होते. 'स्वीट चॅरिटी' ही संगीतिका बॉब फॉसीने १९६६ साली ग्वेन व्हर्डनसाठी ब्रॉडवेवर उभी केली. प्राऊजने ती भूमिका लास व्हेगसमध्ये केली आणि १९६७ साली लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स रंगगृहात लंडनच्या प्रेक्षकांपुढे ती प्रथम आणली. फॉसीची शैली नर्तकाची निर्दय परीक्षा पाहते. खांदे पुढे झुकलेले, गुडघे आत वळलेले, नुसत्या मनगटाच्या किंवा हनुवटीच्या हालचालीत सारा अर्थ साठविलेला, आणि या आखडलेल्या आकारातून एकाएकी पूर्ण उंचीची झेप, असा तिचा स्वभाव आहे. त्यात गाणे आणि अडीच तासांचा अभिनय. १९६९ साली त्याच कथेचा चित्रपट झाला तेव्हा ना व्हर्डनला ना प्राऊजला, तर शर्ली मॅक्लेनला ती भूमिका मिळाली. मॅक्लेन स्वतः ब्रॉडवेवर समूहातूनच वर आलेली. १९५४ साली 'द पजामा गेम' मध्ये कॅरल हेनी जखमी झाली, तिच्या जागी उभी राहिलेली ही मुलगी चित्रनिर्मात्याच्या नजरेत भरली, तेथून तिचे आयुष्य पालटले. तेव्हा दोष तिला देण्याचे कारण नाही. परिणाम एवढाच, की लंडनमधील प्राऊजच्या 'स्वीट चॅरिटी'ची ध्वनिमुद्रिका आपल्याला ऐकता येते, तिचे गाणे उरले आहे. आणि ज्यासाठी प्रेक्षक रोज रात्री तिकीट काढून येत तो तिचा नाच जतन करण्याची तजवीज कोणी केली नाही.

अकादमीच्या बाजूने दोन मुद्दे नेहमी मांडले जातात आणि त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला असा, की संगीतपट आता थोडे निघतात, मग दरवर्षी पारितोषिक कोणाला द्यावयाचे? परंतु नृत्य ही काही केवळ संगीतपटाची मिरास नाही. लग्नाच्या प्रसंगात, मेजवानीत, ऐतिहासिक चित्रपटाच्या दरबारात, जेथे जेथे माणसे तालावर हलतात तेथे कोणी तरी ती हालचाल रचलेली असते. दुसरा मुद्दा असा, की थोरामोठ्यांना मानद पारितोषिके दिलीच आहेत. दिली आहेत: जीन केलीला १९५१ च्या, जेरोम रॉबिन्सला १९६१ च्या, ऑना व्हाइटला 'ऑलिव्हर!'साठी १९६८ च्या पारितोषिकवर्षात, आणि मायकेल किडला अगदी उतारवयात. पण मानद पारितोषिक ही देणाऱ्याची मेहेरबानी असते. त्यावर कोणाचा हक्क सांगता येत नाही, त्यासाठी नामांकन होत नाही, आणि नामांकनाच्या निमित्ताने पाच जणांच्या कामाची जी तुलना, जी चर्चा आणि जी कायमची नोंद होते ती होत नाही. संकलकाला वा वेशभूषाकाराला कोणी मेहेरबानीवर ठेवलेले नाही.

आणि २०२३ सालचा प्रसंग तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. 'आर.आर.आर.' या तेलुगू चित्रपटातील 'नाटू नाटू' या गीताला अकादमीचे पारितोषिक मिळाले, संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांनी ते स्वीकारले, आणि प्रत्येक भारतीयाची मान उंचावली. त्या दोघांच्या गुणवत्तेविषयी दुमत नाही. परंतु ज्यांना तेलुगूचा एक शब्द समजत नव्हता त्या जगभरच्या लक्षावधी प्रेक्षकांनी जे आपापल्या अंगणात, शाळेत आणि लग्नमंडपात करून पाहिले, ते होते त्या दोन नायकांच्या एकमेकांत गुंतलेल्या खांद्यांचे आणि एकाच क्षणी उचललेल्या पायांचे नृत्य, जे प्रेम रक्षित याने रचले होते. त्याच्यासाठी त्या मंचावर कोणतेही कलम नव्हते. ज्या गोष्टीने ते गीत विश्वविख्यात केले तिच्यासाठीच नियमावलीत जागा नसावी, यापुढे अधिक युक्तिवाद करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

या बाबतीत मुंबई हॉलिवूडच्या पुढे आहे हे अभिमानाने सांगितले पाहिजे. 'तेजाब' मधील एका नृत्याने देश हलवून सोडल्यावर फिल्मफेअरने १९८९ साली नृत्यदिग्दर्शनाचे पारितोषिक सुरू केले आणि ते पहिल्यांदा सरोज खान यांना मिळाले. लहानपणी समूहात नाचून आणि पुढे बी. सोहनलाल यांच्या हाताखाली सहायक म्हणून राबून त्या वर आल्या होत्या. दोनच वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटांपासून, राष्ट्रीय पारितोषिकांतही हे कलम आले. समूहातील नर्तकांची स्थिती आपल्याकडेही समाधानकारक आहे असे नाही. त्यांची नावे आपल्या श्रेयनामावल्यांतही अपवादानेच दिसतात. पण निदान नृत्य हे एक स्वतंत्र काम आहे, ते कोणी तरी करते, आणि त्या कोणाला नाव असते, एवढे आपण लेखी मान्य केले आहे.

प्राऊज शेवटपर्यंत नृत्याला धरून राहिली. सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील जोडीनृत्याच्या अजिंक्यपद स्पर्धांचे निवेदन तिने केले, आणि स्पर्धकांच्या टाचांवर व खांद्यांवर बोलण्याचा अधिकार तिच्याइतका थोड्यांना होता. १९९४ साली तिला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. थोडा उतार पडताच १९९५ साली ती मिकी रूनीबरोबर 'शुगर बेबीज' या संगीतिकेच्या दौऱ्यावर निघाली. १४ सप्टेंबर १९९६ रोजी, साठाव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले असता, लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले.

नवे कलम सुरू करण्यास अकादमीला कोणाची सनद आणावी लागत नाही. पात्रनिवडीचा आणि साहसदृश्यांचा निर्णय तिच्या नियामक मंडळाने घेतला तसाच हाही घेता येईल. मात्र तो घेताना केवळ नृत्यदिग्दर्शकाच्या नावावर थांबू नये. ज्या चित्रपटाचा या पारितोषिकासाठी विचार व्हावा असे निर्मात्याला वाटते, त्याच्या श्रेयनामावलीत नृत्यदिग्दर्शकाबरोबर त्याच्या सहायकांची, प्रमुख नर्तकांची, आणि ताऱ्याच्या जागी ज्याचे पाय दिसले किंवा ऐकू आले त्या प्रत्येकाची नावे स्वतंत्र शीर्षकाखाली असली पाहिजेत, अशी अट त्याच ठरावात घालावी, आणि ज्या निर्मात्याला ती मान्य नसेल त्याचा अर्ज दाखल करून घेऊ नये.